बालकाचा हिशेब



ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील क्ष-किरण विभागांत राबणाऱ्या आपणा सर्वांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद मजकडे सोपविल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आणि हे ऋण गोड शब्दांनी फेडण्यापेक्षा आपल्या दप्तरातील एक उणीव आपल्यापुढे मांडणे मला अधिक उचित वाटते.

आपण प्रत्येकजण छातीवर किरणमात्रा मोजणारा बिल्ला लावतो, दर तिमाहीस तो तपासणीसाठी जातो आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट या मर्यादेच्या आत आपण आहोत की नाही, याची नोंद आपल्या नावे रुजू होते. परंतु ज्या बालकावर किरणशलाका प्रत्यक्ष रोखली जाते, त्याच्या केसपेपरवर मात्रेची एक ओळही बहुधा आढळत नाही. रुग्णाच्या मात्रेस कायद्याची कमाल मर्यादा नाही, हे योग्यच आहे, कारण तेथे निदानाची निकड प्रमाण मानावी लागते. मात्र मर्यादेतून मुभा मिळाली म्हणून हिशेबातूनही मुभा मिळाली, असा अर्थ कोणी करू नये.

हा हिशेब पडद्यावरचा आकडा उतरवून घेतल्याने पुरा होत नाही. सीटी यंत्र मात्रेचे जे मिलिग्रे दाखविते ते टेबलावर निजलेल्या मुलाचे नसून ॲक्रिलिकच्या एका ठोकळ्याचे असतात, आणि त्या ठोकळ्याचा व्यास डोक्यासाठी १६ व धडासाठी सामान्यतः ३२ सेंटिमीटर धरलेला असतो. म्हणजे बापाच्या अंगरख्याच्या मापाने आपण लेकराचे अंग मोजीत असतो. लहान देहात किरणांना अडविणारे द्रव्य थोडे, म्हणून तितक्याच किरणांची शोषित मात्रा अधिक. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ साली आपल्या २०४ क्रमांकाच्या अहवालात यासाठी गुणक दिले आहेत: धडाचा परिणामी व्यास (म्हणजे धडाच्या छेदाइतकेच क्षेत्रफळ असलेल्या वर्तुळाचा व्यास) १५ सेंटिमीटर असेल, तर ३२ सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर आधारलेल्या आकड्यास सुमारे २.१४ ने गुणावे. पडद्यावर ५ मिलिग्रे उमटले, तर त्या बालकाचा अंदाज सुमारे १०.७ मिलिग्रे होतो.

म्हणून पालकांना भयभीत करावे काय? मुळीच नाही. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासाचा अंदाज असा, की दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या १०,००० स्कॅनमागे पुढील दशकात रक्ताच्या कर्करोगाचा एक व मेंदूच्या अर्बुदाचा एक अधिक रुग्ण संभवतो. लोकलमधून पडून बेशुद्ध झालेल्या मुलाचा स्कॅन या आकड्याकडे पाहून क्षणभरही अडवू नये. पण जेथे सोनोग्राफीने भागते तेथे, किंवा डोंबिवलीत काढलेल्या स्कॅनची सीडी घरी राहिली म्हणून ठाण्यात तोच स्कॅन पुन्हा काढताना, हा आकडा अवश्य आठवावा.

किरणसुरक्षेचे नियमन करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आपल्या शेजारी मुंबईतच आहे. तथापि त्याच्या फर्मानाची वाट पाहण्याचे आपणांस कारण नाही. माझी विनंती इतकीच, की उद्यापासून प्रत्येक बालकाच्या अहवालात चार गोष्टी लिहाव्यात: पडद्यावरील मात्रा, गृहीत धरलेला ठोकळा, बालकाचा मोजलेला व्यास आणि त्यावरून काढलेला अंदाज, आणि त्या अहवालाची प्रत आईबापांच्या स्वाधीन करावी. यास लागतात दोन मिनिटे आणि एक मोजपट्टी.