उंच उद्दिष्ट आणि शिकणारे हात



आमच्या कोरपना तालुक्यात चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखाने असल्यामुळे 'टार्गेट' हा शब्द रोज कानी पडतो. उद्दिष्ट उंच ठेवले म्हणजे माणसे आपोआप नवे शिकतात, असा सार्वत्रिक समज आहे. त्यात तथ्य किती, हे शेजारच्या गडचिरोलीतील कामावरून पाहू.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 1988 च्या सुमारास न्यूमोनियाने दगावणारी बालके गावातच वाचवावयाची, असे ठरविले. बालकाचा श्वास मिनिटास किती वेळा चालतो, यावरून रोग ओळखावयाचा. परंतु गावची दाई निरक्षर, तिला पन्नास-साठपर्यंत मोजता येईना. तेव्हा उद्दिष्ट खाली आणले नाही, की दाईलाही दोष दिला नाही, साधन बदलले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांची पाटी तयार झाली. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजावा.

पुढे 1995 पासून 39 गावांत अल्पशिक्षित स्त्रिया 'आरोग्यदूत' म्हणून नवजात अर्भकांची घरीच शुश्रूषा करू लागल्या. वजन घेणे, ताप पाहणे, प्रसंगी इंजेक्शन देणे, हे सर्व त्या शिकल्या. डॉक्टर पंधरवड्याने येऊन नोंदी तपासीत व चुका सुधारीत. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी सुमारे 25 वर आले. हे वृत्त 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आता माझी एक चूक सांगतो. शिक्षक असताना एके वर्षी मी वर्गात जाहीर केले, "यंदा एकही मुलगा नापास होता कामा नये." महिनाभरात कच्ची मुले शंका विचारीनाशी झाली, शेजाऱ्याची वही उतरवून गणिते बिनचूक दाखवू लागली. पण माझा होता, भीती मात्र त्यांच्या वाट्यास आली. शिकणे थांबले आणि लपविणे सुरू झाले.

उद्दिष्ट दोन्हीकडे उंचच होते. भेद इतकाच, की गडचिरोलीत दाईची अडचण हीच नव्या साधनाची सुरुवात ठरली. माझ्या वर्गात अडचण सांगावयास जागाच उरली नाही. कारखान्यात, कचेरीत वा शाळेत उद्दिष्टाचा आकडा फळ्यावर लिहिणाऱ्याने प्रथम इतके पाहावे, की "हे मला जमत नाही" असे कोणी आपणांस निर्भयपणे सांगू शकतो काय?