आल्बट्रॉसची साक्ष

दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे बेटांवर भटक्या आल्बट्रॉसची मादी सामान्यतः दोन वर्षांतून एकदा, एकच अंडे घालते. पिल्लाच्या पोषणासाठी नर व मादी दोघांनाही खपावे लागते. एकाचा अंत झाला, तर पिल्लूही बहुधा वाचत नाही. हा अंत पुष्कळदा मासेमारी जहाजांच्या मागे होतो. तेथे कित्येक किलोमीटर लांबीच्या दोरांवर आमिष लावलेले हजारो गळ सोडतात. आमिष टिपणारा पक्षी गळाला अडकून दोराबरोबर बुडतो.

हे पक्षी जातात कोठे, याचा उलगडा उपग्रहांनी केला. क्रोझेचा नर एका फेरीत ३,६०० ते १५,००० किलोमीटर उडतो, असे फ्रेंच संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले. तेव्हा एकट्या देशाच्या प्रयत्नांनी त्याचे रक्षण होणे नाही.

जहाजेही आपला ठावठिकाणा संदेशांद्वारे प्रक्षेपित करतात व उपग्रह ते टिपतात. पण ते संदेश बंद करता येतात. रडार मात्र सहसा चालू असते. म्हणून रडारलहरी हेरून उपग्रहामार्फत कळवणारी छोटी यंत्रे १६९ आल्बट्रॉसांवर बसवण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आंतरराष्ट्रीय समुद्रात आढळलेल्या जहाजांपैकी ३७ टक्के जहाजे आपली ओळख दडवून होती.

दोर रात्री सोडावेत, त्यांना वजने लावावीत, वर फडफडणाऱ्या पट्ट्या बांधाव्यात, हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. उपग्रह उल्लंघनाचा माग दाखवील; पण ते उपाय पाळावयास लावणे हे शासनांचेच कर्तव्य आहे.