पोस्त आणि मेहनताना



दिवाळीत कचरा नेणाऱ्या बाईच्या हातावर पोस्त ठेवून आपण मोठ्या समाधानाने फराळाला बसतो. पण तिचे दोन महिन्यांचे पैसे थकलेले असतात, त्यांचे काय? आमच्या पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे २००८ साली त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम अंगावर घेतले. घरटी शुल्क हा त्या कामाचा मेहनताना. पोस्त ही आपली खुशी. पहिला बुडवून दुसरी देऊ नये.

तिसऱ्या मजल्यावरून मोडका पलंग किंवा जुनी गादी उतरवणे हे मात्र रोजच्या कामात धरता येत नाही. त्याचे मोल आधी ठरवावे. ओझे खाली गेल्यावर घासाघीस करू नये. ‘भंगार तुलाच झाले की!’ हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. भिजून कुजलेल्या गादीला कोणता भंगारवाला पैसे मोजतो, हे त्यांनीच सांगावे! विटलेले लुगडे म्हणजेही पोस्त नव्हे. रोख द्यावे, हातात द्यावे, आणि उन्हातून जिना चढून आलेल्या माणसाला पाणी विचारावे. वेगळा पेला न शोधता.