टपाल खात्याची पेटी

श्रोतेहो, फिनोलेक्ससारख्या उद्योगाने जेथे विजेच्या तारा घडविल्या, त्या पिंपरी परिसरातील आपणांपुढे तारेचा विद्युत्‌रोध मोजणाऱ्या एका जुन्या पेटीची हकिकत सांगावी, असे मनात आहे. तिचे नाव ‘पोस्ट ऑफिस बॉक्स’. कारण विलायतेच्या टपाल खात्याने तारायंत्राच्या केबलीत दोष नेमका कोठे उद्भवला, याचा तपास करण्यास तिचा उपयोग केला. १८३३ साली ख्रिस्टीने योजिलेला आणि १८४३ साली व्हीट्स्टनने लोकांपुढे आणलेला, रोध मोजणाऱ्या मंडलाचा ‘सेतू’ (ब्रिज) हेच तिचे हृदय होय.

लाकडी पेटी, तीवर एबोनाइटची तक्ती, तक्तीवर पितळेचे ठोकळे आणि त्यांच्या फटींत घट्ट बसविलेल्या खुंट्या. खुंटी उपसली, की फटीखाली दडलेले वेटोळे मंडलात येते, आणि हे वेटोळे मुद्दाम दुमडलेल्या तारेचे गुंडाळलेले असते, जेणेकरून एका पदराचे चुंबकत्व दुसऱ्याने नाहीसे करावे. सेतूच्या दोन भुजांत १०, १०० वा १००० ओहम निवडून तिसऱ्या भुजेतील खुंट्या काढीत जावे, आधी बॅटरीची कळ दाबावी, मागाहून गॅल्व्हानोमीटरची, आणि काटा शून्यावर निश्चल राहिला, की अज्ञात रोध गणिताने हाती येतो. त्या निश्चल काट्याइतके समाधान मला अंकी यंत्राने कधी दिले नाही.

मात्र घरगुती वापराच्या १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला अवघा बारा ओहमांच्या आसपास असल्याने, मीटरभर तुकड्याचा रोध पेटीच्या जोडण्यांच्या रोधातच बुडून जातो. तेथे केल्व्हिनचा दुहेरी सेतूच लागतो.