उशीर म्हणजे दोष नव्हे
(मंडळीच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय चर्चच्या सभेत सहसा निघत नाही : मुले वयात कशी येतात. पण आर्वी-कारंजा भागातल्या गोंड, कोलाम वस्त्यांवर परिचारिका म्हणून फिरताना आया मला हाच प्रश्न अगदी हळू आवाजात विचारतात, “सिस्टर, पोरीला पंधरावं सरलं, पाळी नाही आली. तिच्यात काही दोष आहे का?”

आधी शरीरात काय घडते ते पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. बालपणी तो शांत असतो. वेळ आली की तो, सुरुवातीला रात्रीच्या झोपेत, थोडे थोडे संप्रेरक सोडू लागतो. त्याच्या खाली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. हा निरोप मिळताच ती आपली दोन संप्रेरके रक्तात सोडते. ती मुलीच्या अंडाशयांना आणि मुलाच्या वृषणांना जागी करतात. अंडाशयांतून इस्ट्रोजेन येते : स्तन वाढू लागतात, कंबर रुंदावते आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. वृषणांतून टेस्टोस्टेरॉन येते : उंची झपाट्याने वाढते, आवाज फुटतो, मिसरूड दिसते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीही काखेतल्या केसांना आणि घामाच्या वासाला हातभार लावतात. मुलींमध्ये ही सुरुवात साधारण 8 ते 13 आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात होते.

मग काही मुलांना उशीर का होतो? घरात धान्य नसताना कोणी लग्न काढत नाही. शरीरही तसेच आहे. अंगातली चरबी लेप्टिन नावाच्या संप्रेरकातून मेंदूला शिधा किती आहे ते कळवते. शिधा कमी असेल तर मेंदू थांबतो.

आपल्या विदर्भात याला आणखी एक कारण आहे, सिकलसेल. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 1958 साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची मात्र 10 ते 20 दिवसच. सतत नवे रक्त बनवण्यात शरीराची शक्ती खर्च होते. वाढीसाठी उरते थोडी, म्हणून वयात येणे एक-दोन वर्षे लांबते. बहुतेक मुले पुढे पूर्ण वयात येतात. पोरगी वांझ आहे किंवा कोणी करणी केली, असे कृपा करून म्हणू नका. त्या शब्दांची जखम पाळी आल्यावरही भरत नाही.

पण वाट तरी किती पाहायची? मुलीला 13 पूर्ण होऊनही स्तनांची वाढ सुरू नसेल, 15 पूर्ण होऊनही पाळी नसेल, किंवा मुलात 14 पूर्ण होऊनही काहीच बदल नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आठच्या आत मुलीत किंवा नऊच्या आत मुलात बदल दिसले, तरीही दाखवा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे. सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या. 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. एक काळजी घ्या : सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आता उलट बाजू. “न्हाण आलं, आता उजवून टाकू,” असेही ऐकते. पाळी येणे ही फक्त एक पायरी आहे. कंबरेची हाडे त्यानंतरही काही वर्षे वाढत असतात. अशा कोवळ्या देहावर बाळंतपण लादले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. कायद्यानेही मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण व्हायला हवीत.

तेव्हा माझी विनंती एवढीच : पाळी येण्याआधीच मुलीशी बोला. मुलांनाही सांगा; त्यांना तर कोणीच सांगत नाही. ताटात डाळ, अंडे, पालेभाजी, शेंगदाणे वाढा, आणि मुलीला शेवटी जेवायला बसवू नका. ज्या देहाला आपण देवाची निर्मिती मानतो, त्याबद्दल बोलायला आपणच का लाजावे?