अग्निशामकाचे काळीज
(चाकूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी वैद्य नव्हे, पंडितही नव्हे. उभे आयुष्य खडू व फळा यांच्या सहवासात गेले. परंतु आपली मुले आता शेती-दुकानाबरोबरच पोलीस, सैन्य आणि अग्निशामक दल यांतही भरती होत आहेत. म्हणून त्यांच्या जिवाशी निगडित असा एक विषय आपणांपुढे मांडतो.

दरवर्षी १४ एप्रिल रोजी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती. पाण्याचा मारा चालू असतानाच स्फोट झाले आणि दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांचे पुण्यस्मरण आपण करतो, ते सर्वथा उचित आहे. परंतु त्यानंतर सुमारे ८,००० माणसे सात महिने तेथील ढिगारे उपसत होती. ज्वाळेत पडलेला वीर सर्वांस दिसतो. धुळीत राबून पुढे पंधरा वर्षांनी छाती धरून खाली बसणारा मनुष्य कोणाच्या नजरेत भरत नाही. माझे आजचे बोलणे या दुसऱ्या मनुष्याविषयी आहे.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथील दोन गगनचुंबी इमारती कोसळल्या, त्यात ३४३ अग्निशामक मृत्युमुखी पडले. जे वाचले त्यांची तपासणी तेथील दलाने वर्षानुवर्षे चालू ठेवली. अशा ९,७९६ जवानांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्या सकाळी सर्वांआधी पोहोचून धुळीच्या लोटात सापडलेल्यांस हृदयविकाराचा धोका मागाहून आलेल्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी अधिक आढळला. सहा महिने वा अधिक काळ तेथे राबलेल्यांस तो ३० टक्क्यांनी अधिक होता. म्हणजे, जो आधी धावला आणि जो अखेरपर्यंत टिकला, त्यानेच अधिक किंमत मोजली!

असे का व्हावे? धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर शिरून रक्तवाहिन्यांचा दाह वाढवितात. उष्णतेने घाम जाऊन रक्त घट्ट होते. त्यातच अंगावर जड पोशाख, आणि मध्यरात्री घंटा वाजताच झोपेतून उठून धावणे. अमेरिकेत कामावर असताना मरण पावलेल्या अग्निशामकांविषयी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ३९ टक्के मृत्यू हृदयरोगाने झालेले होते. प्रत्यक्ष आग विझविण्यात त्यांचा फार थोडा वेळ जातो, तरी हृदयरोगाच्या या मृत्यूंपैकी जवळजवळ एक-तृतीयांश त्याच वेळी ओढवले.

बंधूंनो, ही केवळ परदेशची कथा मानू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यातील किल्लारी भूकंपाने जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती व वर मातीचे जड माळवद. त्यांखाली आपली माणसे गाडली गेली. सैनिक आले, स्वयंसेवक आले, गावोगावचे तरुण धावले. त्या वेळी तोंडाला फार तर एखादा रुमाल! जीव वाचविण्याच्या घाईत आपल्या श्वासाचा विचार कोण करणार? परंतु पुढच्या वेळी तो विचार दुसऱ्या कोणीतरी, म्हणजे आपण, करावयास हवा.

यासाठी माझ्या काही नम्र सूचना आहेत. ज्वाळा विझल्या म्हणजे हवा शुद्ध झाली, असे जवानाने समजू नये. ढिगारा उपसतानाही श्वासयंत्र वा योग्य मुखपट्टी काढू नये. ढिगाऱ्यावर पाणी शिंपडावे, पाळ्या लहान ठेवाव्यात, मधून मधून पाणी प्यावे. तंबाखू व विडी यांस रजा द्यावी. रक्तदाब, साखर व हृदय यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, आणि निवृत्तीनंतरही ती थांबू नये. कारण हा रोग सावकाश येतो. घरच्या माउलींनीही ध्यानात ठेवावे: छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, दरदरून घाम ही लक्षणे दिसताच ‘पित्त झाले असेल’ म्हणून ओव्याची पूड देत बसू नये, तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्या मेळाव्यात आपण शूरांस शाल व श्रीफळ अर्पण करतो. त्याच दिवशी त्यांच्या हृदयतपासणीचीही व्यवस्था मंडळाने करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खर्च फार नाही, इच्छा हवी. दुसऱ्याचे घर वाचविणाऱ्याचे स्वतःचे घर अकाली उघडे पडू नये, एवढे तरी समाजाचे त्याच्याप्रती कर्तव्य आहे.