टॅब कोण चालवणार?

(बिशान, सिंगापूर येथील मासिक बैठकीत केलेले भाषण)



मी शिक्षणतज्ज्ञ नाही. दिवसभर प्रथिनांच्या रचनेशी झटापट करणारी एक संशोधक आहे. तरी आजचा विषय मी मागून घेतला. गेल्या बैठकीत गावाकडच्या शाळांना टॅब देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सर्वांत आधी हात मीच वर केला होता. घरी जाताना मात्र मन खाऊ लागले.

८ एप्रिल २०२० हा दिवस आठवतो ना? सिंगापूरच्या सगळ्या शाळा एकदम घरात आल्या. माझा मुलगा तेव्हा इथेच बिशानमध्ये माध्यमिक शाळेत होता. 'स्टुडंट लर्निंग स्पेस' हे सरकारी व्यासपीठ २०१८ पासून शाळांमध्ये होते, त्यामुळे धडे तयार होते. पण पहिल्याच आठवड्यात एका झूम वर्गात परके लोक घुसले आणि मंत्रालयाने काही काळ झूमच थांबवले. भूगोल शिकवणारी बाई एका रात्रीत वर्गाची पहारेकरीही झाली.

मुलाचे विज्ञानाचे सर संध्याकाळी फोन करत. कोण कुठल्या प्रश्नावर किती वेळ अडकले याची नोंद त्यांच्यासमोर असे. पूर्वी ते चेहरा पाहून ओळखत, आता नोंदी वाचून ओळखू लागले. हे वाटते तितके सोपे नाही. आकड्यांतला गोंगाट कोणता आणि अर्थ कोणता, हे कळायला मला पीएचडीची सगळी वर्षे लागली. एकदा नोंद सांगत होती की चिरंजीव चाळीस मिनिटे एकाच प्रश्नावर विचार करत होते. प्रत्यक्षात ते झोपले होते! सरांना शंका आली, म्हणून फोन आला.

इथे हे एका रात्रीत घडले नाही. शिक्षणातील माहिती-तंत्रज्ञानाचा पहिला आराखडा १९९७ चा. २००२ पर्यंत ३० टक्के अध्यापन संगणकाच्या साहाय्याने, असे त्याचे उद्दिष्ट होते आणि खर्च सुमारे दोन अब्ज सिंगापूर डॉलर. माझ्या मते त्यातली मोलाची गोष्ट संगणक नव्हे. शिक्षकांना त्यांच्याच शाळेत, दुसऱ्या शिक्षकांनी शिकवले, ती.

आता सोलापूर जिल्ह्यात येऊ. माझी धाकटी बहीण तिथे जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. लिपिक नाही, शिपाई नाही. 'सरल'मध्ये विद्यार्थ्यांची माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, वर ऑनलाइन प्रशिक्षणे पूर्ण करायची. त्यात चार इयत्ता एकत्र. काही वर्षांपूर्वी आम्ही मैत्रिणींनी वर्गणी काढून त्या शाळेला प्रोजेक्टर दिला. फोटो छान आले. पुढच्या सुट्टीत पाहिला तेव्हा त्यावर टेबलक्लॉथ होता आणि वर हजेरीपट. दिवा गेला होता, नवा कुठून आणायचा हे कुणालाच ठाऊक नव्हते. चूक शाळेची नाही, आमचीच. आम्ही वस्तू दिली आणि तिच्याबरोबर येणारे काम बहिणीच्या डोक्यावर ठेवून विमानात बसलो.

त्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी ती भाषा शिकली, पुस्तके तिच्यात आणली. कोडच्या आत काय असावे, हे ठरवणारा माणूस तिथे होता.

प्रत्येक शिक्षकाने डिसले व्हावे अशी अपेक्षा करणे सोपे आहे. शिक्षकांकडून ती अपेक्षा आपण फार लवकर करतो, इथे बसून तर फारच.

मागच्या रविवारी मी बहिणीला विचारले, "टॅब किती पाठवू?"

ती म्हणाली, "ताई, टॅब नको गं. महिन्यातून चार दिवस माहिती भरायला एखादी शिकलेली मुलगी मिळेल का? गावातच आहेत, बारावी झालेल्या. तेवढे चार दिवस मी वर्गात उभी राहीन."

म्हणून माझी दुरुस्ती अशी: जमलेल्या रकमेतला निम्मा भाग अशा मुलींच्या मानधनासाठी आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा, निदान तीन वर्षे. टॅब उरलेल्या पैशांत येतील तेवढे. आता आक्षेप ऐकायला मी तयार आहे.